नववीच्या पोरांचं प्रदर्शन आणि ते तीन जड शब्द

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका ट्रस्टने शाळांकडून चित्रं मागवली होती, आठवी ते दहावीच्या मुलांची, आणि विषय दिलेला "स्मृती, ओळख आणि आधुनिक समाज". पत्र ऑफिसातून फिरत फिरत माझ्या टेबलावर आलं तेव्हा आधी हसूच आलं, कारण हा विषय मला स्वतःला कुणी दिला असता तर मी आधी कॅन्टीनला जाऊन चहा पिऊन आले असते. मी मध्य मुंबईतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत ड्रॉइंग शिकवते. पोरं लालबाग, नायगाव, शिवडी, काही परळच्या आसपासची, बहुतेकांचे आजोबा कापड गिरणीत होते आणि वडील तिथे नाहीत, एवढं सांगितलं की मुंबईतल्या लोकांना बाकीचं कळतं.

आमच्याकडे चित्रकला म्हणजे काय तर ग्रेड परीक्षा. कला संचालनालयाची एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला 7 मार्क वाढतात, बीला 5, सीला 3, त्यामुळे पालक पण या विषयाकडे जरा आदराने बघतात, नाहीतर ड्रॉइंगचा तास म्हणजे गणिताच्या सरांना पोर्शन पुरा करायला द्यायचा तास. यात एक पेपर स्मरणचित्राचा असतो. त्याची तयारी सगळीकडे कशी होते ते सांगते. एक टोपलीवाली बाई, एक पाठमोरा मुलगा, एक सायकल धरलेला माणूस, मागे दोन झाडं आणि एक दुकान. हे घोटून घोटून पाठ करून घ्यायचं आणि मग विषय बाजार येवो, बस स्टॉप येवो की जत्रा येवो, तीच मंडळी तिथे जाऊन उभी राहतात. मी पण असंच शिकवते, त्यात मला काही लाज वाटत नाही, हात बसतो, प्रपोर्शन कळतं, परीक्षेत वेळ कमी असतो. फक्त हे ट्रस्टचं काम त्या पद्धतीने होणार नाही हे पहिल्याच दिवशी माहीत होतं.

तरी मी पहिली चित्रं काढू दिली. विषय फळ्यावर लिहिला आणि म्हटलं काढा. माझं मत असं की पहिला लॉट बाहेर पडू द्यायचाच असतो, तो अडवला तर तो डोक्यातच बसून राहतो आणि पुढचं काही येऊ देत नाही. काय आलं ते कुठल्याही ड्रॉइंग टीचरला न बघता सांगता येईल. मोबाईलला साखळदंडाने बांधलेला मुलगा. अर्धी पृथ्वी हिरवी आणि अर्धी काळी, काळ्या बाजूला रडणारा डोळा. अर्धा चेहरा आजीचा अर्धा मुलीचा. मेंदूतून निघालेल्या वायरी, वायरींच्या टोकाला फेसबुक आणि इन्स्टाचे लोगो, आणि गंमत म्हणजे त्यातल्या एकाही पोराचं फेसबुकवर अकाउंट नाही, ते आता त्यांच्या काकांचं झालंय. सगळी चित्रं भिंतीवर लावली, छान रंगवलीत म्हटलं, आणि मग विचारलं की यातलं कुठलं चित्र दुसऱ्या कुठल्या शाळेतल्या मुलाने काढलं असतं तर ओळखू आलं नसतं. पोरं हुशार असतात, त्यांना कळलं. एक जण म्हणाला, बाई सगळीच.

मग पुढच्या तासाला कागद आणू नका म्हटलं, घरातली एक वस्तू आणा. अट एकच. ती भंगारवाल्याला दिली तर तो पैसे देणार नाही, पण टाकायला काढली तर घरात भांडण होईल, अशी पाहिजे. ही अट पोरांना लगेच कळली, घरी जाऊन आईला विचारायला पण लागलं नाही बहुतेकांना. काय काय आलं म्हणून सांगू. जुनं रेशनकार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत तीन घड्या घातलेलं. आजोबांचं गिरणीतलं ओळखपत्र, ज्यावरचा फोटो पूर्ण उडालाय आणि शिक्का तेवढा शिल्लक आहे. बंद पडलेलं एचएमटीचं घड्याळ. गावच्या घराची चावी, आणि ते घर आता पडलंय. एका पोराने धोटा आणला, मागावर आडवा धागा नेणारा लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण असलेला, आणि वर्गात कुणालाच तो काय आहे ते माहीत नव्हतं, आणणाऱ्याला पण नाही. त्यांच्या घरी तो टीव्हीच्या फळीवर असतो आणि त्याच्या पोकळीत पेन ठेवतात.

इथे मला थोडं बोलावं लागलं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी जाहीर केलंच नाही, हे सगळं सांगितलं पण मोजकंच, कारण त्याचा इतिहासाचा तास झाला की पोरं परत मूठ आवळलेला कामगार आणि मागे धूर ओकणारी चिमणी काढतात. ते मला नको होतं. चिमणी त्यांना माहीत आहे ती जुन्या गिरणीच्या जागेवरच्या फिनिक्स मॉलमधली, तिच्याखाली सेल्फी काढतात. धोटावाल्याला मी म्हटलं तू फक्त ती टीव्हीची फळी काढ, जशी आहे तशी. त्याने काढली. सेट टॉप बॉक्स, रिमोट (मागचं झाकण नाही, सेल रबरबँडने धरलेले), मोदकाच्या आकाराची हळदीकुंकवाची डबी, नेट पॅकचं कव्हर, आणि या सगळ्यात तो धोटा, त्यात दोन पेनं आणि एक फुटका थर्मामीटर. स्थिरचित्र म्हणून अगदी परीक्षेच्या शिस्तीत केलेलं काम, छाया-प्रकाश बरोबर, रिमोटची बटणं एकेक. त्याला वाटत होतं यात काहीतरी वर लिहायला पाहिजे, "विसरू नका" वगैरे. नको म्हटलं, तसंच ठेव.

आता सगळ्यांचं असं सरळ झालं नाही. बरीच पोरं वस्तूचं वस्तुचित्र काढून मोकळी झाली, छान होती पण संपली तिथेच. तीन-चार कामं मात्र अशी झाली की मी घरी जाऊन नवऱ्याला सांगत बसले.

एक मुलगी नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला. तळमजला अधिक तीन मजले, मधून लांबच लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना 160 चौरस फुटांच्या खोल्या, संडास मजल्याला सामायिक. आता नायगावला म्हाडा टॉवर उभे करतंय आणि भाडेकरूंना 500 चौरस फुटांचं घर मिळणार आहे. त्यांची खोली रिकामी करायची तारीख आली होती. ही पोरगी चित्र काढायचं सोडून बटर पेपर मागायला आली. म्हणाली मला दरवाजा घ्यायचाय. मला वाटलं फोटो काढून ट्रेस करणार असेल, पण तिला छाप घ्यायचे होते, लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तसे.

ती आणि तिचा भाऊ दोन संध्याकाळी बसून घासत होते. वॅक्स क्रेयॉनचा कागद सोलायचा आणि खडू आडवा धरून घासायचं, उभा धरला की रेघा येतात आणि बटर पेपर फाटतो. मास्किंग टेपने भिंतीवर कागद चिकटवला तर टेपबरोबर पोपडे निघायचे, ते पण तिने पाकिटात भरून आणले. उंबरठा, दाराची कडी, खिडकीची जाळी, पॅसेजमधली एक पायरी जिचा मधला भाग झिजून खाली गेलाय. दारावरचा खोली नंबर हा सगळ्यात भारी निघाला. तो इतक्या वेळा ऑइल पेंटने परत परत काढलेला होता की डोळ्याला एकच आकडा दिसायचा, पण घासल्यावर खालचे जुने आकडे पण उमटले, थोडे सरकलेले, वेगळ्या वळणाचे. ते तिला पण आधी माहीत नव्हतं. छताला पाळण्याचा हूक होता, त्याचा छाप काही घेता आला नाही, स्टूलवर स्टूल ठेवून भाऊ चढला तर आईने दोघांना फोडून काढलं. मग तिथे तिने कागद कोराच ठेवला आणि कोपऱ्यात बारीक लिहिलं, हूक, हात पोचला नाही.

हे सगळे कागद जोडून साडेसहा-सात फूट उंच काम झालं, दरवाज्याएवढंच. ट्रस्टच्या नियमात साइज होती हाफ इम्पीरियल, म्हणजे साधारण 15 बाय 22 इंच. मी फोन केला, तिथल्या बाई म्हणाल्या घडी घालून पाठवा. घडी घालून पाठवा! मी दुसऱ्यांदा फोन केला नाही, ते काम आम्ही पाठवलंच नाही, आमच्या शाळेच्या हॉलमध्ये लावलं.

दुसरा एक मुलगा, वर्गात मागे बसणारा, बोलणं कमी. त्याचे बाबा फूड डिलिव्हरी करतात, बाईकवर. तो वस्तू म्हणून काहीच घेऊन आला नव्हता. म्हणाला बाई आमच्याकडे जुनं काही नाही, मागच्या पावसात पाणी भरलं तेव्हा सगळं टाकलं. मग रात्री घरी काय करता असं सहज विचारत गेले तर कळलं की बाबा संध्याकाळी निघताना आईला व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन टाकून जातात, आणि जेवताना ही दोघं मोबाईल ताटाशेजारी ठेवून बाबा कुठे पोचले ते बघतात. आता वरळीला गेले, आता सिग्नलला थांबले वाटतं, आता परत लालबाग. मी म्हटलं, अरे मग काढ ना तेच.

त्याने बारा छोटे चौकोन केले. प्रत्येकात तोच नकाशा, रात्रीच्या मोडमधला, गडद निळा-राखाडी, पोस्टर कलरमध्ये तो राखाडी जमवायला त्याने किती रंग वाया घालवला ते माझं मला माहीत, काळा-पांढरा मिसळला की तो मातकट व्हायचा, शेवटी निळ्यात थोडा बर्न्ट सिएना घालून जमला. रस्ते फिकट. आणि प्रत्येक चौकोनात एक ठिपका, जागा बदलत जाणारा. चेहरा नाही, बाईक नाही, पाठीवरची ती मोठी बॅग नाही. लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त 8 तास चालतं, बाबांचं काम कधी कधी त्याहून लांबतं, म्हणून बाराव्या चौकोनात नकाशा आहे आणि ठिपका नाही. मी विचारलं हे कुणाला कळेल का, तर म्हणाला ज्याच्या घरी आहे त्याला कळेल. यावर मी काय बोलणार. "आधुनिक समाज" म्हणतात तो बहुतेक हाच असावा.

ओळखीचं काम एका मुलीने केलं आणि ते मला सगळ्यात जास्त आवडलं कारण त्यात जाम हसायला येतं. शाळांना त्या वेळी अपार आयडीचं, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या सरकारी ओळख क्रमांकाचं काम लागलेलं होतं, ज्यांच्या शाळेत काम करणारं कुणी असेल त्यांना हा शब्द ऐकून घाम फुटेल. शाळेच्या रेकॉर्डमधलं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं नसेल तर आयडी बनतच नाही. या पोरीचं नाव जन्मदाखल्यावर एक, आधारवर एक, शाळेच्या रजिस्टरला एक आणि बँकेच्या पासबुकात चौथंच. कुठे एक ए जास्त, कुठे एच गायब, कुठे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. तिची आई या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होती. पोरीने काय केलं, परीक्षेच्या अक्षरलेखनाला ग्राफ आखून जशी ब्लॉक अक्षरं काढतो तशी चारही स्पेलिंगं एकाखाली एक, पट्टी-कंपासने, अगदी निगुतीने. अक्षराची जाडी बरोबर, अंतर बरोबर. जिथे अक्षर जुळत नाही तिथला चौकोन लाल. आणि सगळ्यात खाली घरातलं हाक मारायचं नाव, हाताने, वेडंवाकडं, मराठीत, ग्राफच्या बाहेर. क्लार्क सर ते चित्र बघून म्हणाले, हे मला झेरॉक्स करून द्या, ऑफिसात लावतो.

आता मातीचं सांगते, ते लांबलं.

मधल्या काळात पोरांना राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड म्युझियमला नेलं होतं. 1872 साली लोकांसाठी उघडलेलं, आधीचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, 1975 मध्ये भाऊ दाजींचं नाव दिलं. तिथे काचेच्या कपाटात मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या आणि धंद्यांच्या माणसांच्या, पगड्यांसकट. पोरं बाकी कशाकडे बघेनात, तिथेच नाक लावून उभी. आणि लगेच सुरू झालं, यात आपलं कोण आहे. एकाला स्वतःचं सापडलं तो खुश, एकाला सापडलं नाही तो नाराज, एकाला सापडलं पण त्याने सांगितलं नाही, ते मी बघितलं.

परत आल्यावर त्यातल्याच चार-पाच जणांनी ठरवलं की आपण आत्ताच्या बनवायच्या. वॉचमन, डिलिव्हरीवाला, मॉलमध्ये फरशी पुसणारी बाई, मोबाईल रिपेअरवाला, पोळीभाजी केंद्रवाली काकू, नाईट शिफ्टला जाणारी कॉल सेंटरची ताई, शाळेतल्या मावशी. शाडू माती लालबाग-परळच्या पोरांना आणावी लागत नाही, कुणाचा तरी काका मूर्तीच्या कारखान्यात असतोच. तारेचा सांगाडा आणि त्यावर माती. पहिला लॉट पंख्याखाली ठेवला आणि सकाळी बघतो तर सगळ्यांच्या मानेला आणि खांद्याला भेगा. माती सुकताना आकसते, आतली तार आकसत नाही, मग ती तडकणारच. कारखान्यातल्या काकांनी सांगितलं मातीत काथ्या बारीक कापून मिसळा, जाड थर एकदम देऊ नका, आणि ओल्या फडक्याखाली सावलीत हळूहळू सुकवा. तसं केल्यावर जमलं, वॉचमनची काठी तेवढी शेवटपर्यंत गळत राहिली.

भांडण झालं ते लेबलांवरून. म्युझियममध्ये जात, धंदा लिहिलेलं होतं, आपण काय लिहायचं? एक म्हणाला गाव लिहू. दुसरा म्हणाला गाव लिहिलं की आडनाव कळतं आणि आडनाव कळलं की पुढचं कळतं. चौदा वर्षांचं पोर हे बोललं. थोडा वेळ कोणी काही बोलेना, मग एका मुलीने सुचवलं की ही माणसं घरातून किती वाजता निघतात ते लिहू. ते सगळ्यांना पटलं. मग त्यासाठी पोरं खरंच विचारत फिरली. वॉचमन, संध्याकाळी 7. पोळीभाजीवाली काकू, घरातून निघत नाही, पहाटे 4 ला उठते. मॉलमधली बाई, कर्जतहून 5.40. माझं ऐकाल तर त्या ट्रस्टच्या तीन शब्दांवर याच्याहून चांगलं उत्तर मी तरी दिलं नसतं.

ट्रस्टला आम्ही काही कामं पाठवली, त्यातली दोन लागली आणि बाकी परत आली. बक्षीस मिळालं ते दुसऱ्या एका शाळेच्या चित्राला, मोबाईलच्या तुरुंगातल्या मुलाचं. चांगलं रंगवलेलं होतं, तक्रार नाही.

आमच्या हॉलमधलं प्रदर्शन मात्र मजेत झालं. सुतळ्या बांधून, क्लिपा लावून, बाकं उलटी करून त्यावर माती. पाहुणे म्हणून एक गृहस्थ आले होते, प्रत्येक चित्रापुढे थांबून विचारायचे, यातून काय संदेश द्यायचाय बाळ? धोटावाला माझ्याकडे बघायला लागला, मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. मग तो म्हणाला, संदेश नाही सर, ही आमची फळी आहे. ते पुढे सरकले. त्याचे आजोबा पण आले होते, ते चित्रापुढे उभे राहून चित्राबद्दल एक शब्द न बोलता बाजूच्या माणसाला धोटा उलटा ठेवलाय हे समजावून सांगत होते, कुठली बाजू वर पाहिजे, धागा कुठून निघतो, अर्धा तास. बटर पेपरच्या दरवाज्यातून लहान पोरं ये-जा करायला बघत होती, तिथे एक दादा उभा करावा लागला.

सगळं संपल्यावर प्रश्न ठेवायचं कुठे. शाळेत चित्रकलेला कपाट एक, त्यातही अर्धं खडू-डस्टरचं. कागदाची कामं घरी दिली, माती परत बादलीत भिजवली, पुढच्या वर्षी कामाला येईल. हेडमास्तरीणबाईंनी दोनच बाहुल्या ठेवून घेतल्या, ऑफिसातल्या ट्रॉफीच्या कपाटात, वॉचमन आणि शाळेतल्या मावशी. खऱ्या मावशी रोज ते कपाट पुसतात. पहिल्या दिवशी त्यांनी काच सरकवून बाहुली नीट निरखून बघितली आणि सरळ माझ्याकडे आल्या, म्हणाल्या बाई बाकी सगळं बरोबर आहे पण असली भडक साडी मी नेसते का कधी. पोरांना बोलावून घेतलं, ब्रश दिला आणि मावशी शेजारी उभं राहून रंग सांगत होत्या.